रासायनिक शस्त्रबंदी : हेगपासून चोपड्यापर्यंत

'निःशस्त्रीकरण' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतल्या नागरिकशास्त्रात भेटला आणि 'टीपा लिहा'पुरता सोबत राहिला. पुढे सायन्स घेतलं, इंजिनिअरिंगला आलो आणि तो शब्द मागे पडला. आता बातम्यांत कधी जिनिव्हा वगैरे आलं की रूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "पुढे ढकल रे, हे एरंडाचं गुऱ्हाळ चालूच राहणार."

म्हणणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. जिनिव्हामध्ये निःशस्त्रीकरण परिषद नावाची ६५ देशांची एक कायमची बैठक आहे. तिथे प्रत्येक गोष्ट सर्वसंमतीने व्हावी लागते, म्हणजे एकाने मान हलवली की काम थांबलं. १९९६ साली अणुचाचणीबंदीचा मसुदा तिथे अडला (अडवणारा देश आपणच होतो, आणि त्यामागे आपली कारणं होती) आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत न्यावा लागला. त्यानंतर या परिषदेतून एकही करार बाहेर पडलेला नाही.

पण त्याच परिषदेने १९९२ मध्ये एक मसुदा पूर्ण केला होता, आणि तो करार आज जगातल्या १९३ देशांना लागू आहे. रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा हा करार. १३ जानेवारी १९९३ रोजी पॅरिसमध्ये तो सह्यांसाठी खुला झाला. भारताने दुसऱ्याच दिवशी सही केली, सप्टेंबर १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि २९ एप्रिल १९९७ पासून तो अमलात आला. त्याची अंमलबजावणी बघणारी संस्था नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहे. तिचं इंग्रजी लघुरूप ओपीसीडब्ल्यू. २०१३ चं नोबेल शांतता पारितोषिक तिलाच मिळालं.

गंमत म्हणजे या करारात खरोखरचा एरंड आहे. कराराला रसायनांच्या तीन याद्या जोडलेल्या आहेत. पहिल्या यादीत सारिन, मस्टर्ड, व्हीएक्स अशी, ज्यांचा शस्त्राशिवाय फारसा उपयोगच नाही अशी रसायनं आहेत. त्याच यादीत 'रायसिन' आहे. हे एरंडीच्या बीमध्ये असणारं विष. तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं, म्हणून आपल्याकडे एरंडीची पेंड ढोरांपुढे टाकत नाहीत, शेतात खत म्हणून टाकतात. आपल्या आज्या-पणज्यांना रायसिन हे नाव माहीत नव्हतं, पण पेंड कुठे टाकायची नाही हे पक्कं माहीत होतं. (एरंडोल आपल्याच जिल्ह्यात आहे, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही!)

एरंड हे वरवरचं उदाहरण झालं. चोपड्याचा या कराराशी खरा संबंध कपाशीतून येतो.

अडावद, चहार्डीकडून येणाऱ्या मुलांना सांगायला नको की कपाशीवर फवारणीशिवाय चालत नाही. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही नावं कृषी सेवा केंद्राच्या पाटीवर, पावतीवर आपण लहानपणापासून वाचतो. ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. १९३६ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत लेव्हरकुझेन इथे गेरहार्ड श्राडर नावाचा केमिस्ट याच गटात नवीन कीटकनाशक शोधत होता. त्याने बनवलेल्या एका पदार्थाने किडे मेलेच, पण त्याच्या स्वतःच्या आणि सहकाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास कोंडला. तो पदार्थ म्हणजे ताबून, जगातला पहिला नर्व्ह एजंट. दोन वर्षांनी सारिन आलं. पुढे १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'अमिटॉन' नावाचं कीटकनाशक बाजारात आलं. ते फारच विषारी निघाल्याने मागे घ्यावं लागलं, आणि त्याच्याच घराण्यातून व्हीएक्स निर्माण झालं. अमिटॉन आजही कराराच्या दुसऱ्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

यामागचं काम कसं चालतं ते समजायला सोपं आहे. आपल्या नसेकडून स्नायूकडे निरोप जातो तो असिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन तोडून टाकतं आणि स्नायू सैल पडतो. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रिले ओढला जातो आणि लगेच सुटतो. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या एन्झाइमलाच जखडून टाकतं. मग रिले चिकटतो. लाळ, घाम, उलटी, स्नायूंचा थरकाप आणि शेवटी श्वास बंद. किड्यात हेच होतं आणि माणसातही हेच. फरक मात्रेचा, आणि शरीर ते किती लवकर निकामी करू शकतं याचा. म्हणून शेतात औषध चढलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जे ॲट्रोपिन टोचतात, तेच ॲट्रोपिन नर्व्ह गॅसच्या हल्ल्याची भीती असलेल्या सैनिकाच्या किटमध्ये असतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. तो काही शस्त्राचा प्रकार नव्हता, आणि करारही तिथे काही करू शकत नाही. पण 'रासायनिक शस्त्र' हे कुठल्या तरी दूरच्या देशातलं प्रकरण आहे असं ज्याला वाटतं, त्याने हातात मोजे न घालता फवारणाऱ्या आपल्या बांधवाकडे एकदा बघावं. विष एकाच जातीचं आहे.

इथेच या विषयातली खरी अडचण सुरू होते. रणगाडा बघितला की तो रणगाडा आहे हे कळतं. पण फॉस्फरसची काही साधी संयुगं कीटकनाशकालाही लागतात आणि शस्त्रालाही लागू शकतात. थायोडायग्लायकॉल हे बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात वापरलं जातं, आणि मस्टर्डच्या अगदी शेजारी बसतं. फॉस्जिन पहिल्या महायुद्धात हजारो माणसं मारून गेलं, आणि आज ते प्लास्टिक व औषधांच्या कारखान्यांत रोज वापरात आहे. भोपाळच्या कारखान्यातही मिथाइल आयसोसायनेट बनवायला फॉस्जिनच लागायचं. मग बंदी कशावर घालणार? फॉस्फरसवर घातली तर शेती आणि इंडस्ट्री बसेल, आणि काहीच नाही घातली तर कोण काय बनवतंय ते कळणार नाही.

करार लिहिणाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय मला इंजिनिअरच्या नजरेने फार आवडतो. त्यांनी रसायनावर नव्हे, हेतूवर बंदी घातली. आणि हेतू तपासण्यासाठी मात्रा मोजायचं ठरवलं. तिसऱ्या यादीतलं रसायन वर्षाला ३० टनांपेक्षा जास्त बनवलं तर कारखान्याने ते जाहीर करायचं, २०० टनांपेक्षा जास्त असेल तर तपासणी होऊ शकते. यादीत नसलेली पण फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असलेली सेंद्रिय रसायनं ३० टनांवर गेली तरी कारखान्याचं नाव कळवायचं. आपल्या देशात हे काम दिल्लीतल्या 'नॅशनल अथॉरिटी' या कार्यालयाकडे आहे. ते केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाखाली येतं. त्यासाठीचा कायदा २००० साली झाला आणि २००५ पासून लागू झाला.

मग हेगहून इन्स्पेक्टर येतात. तिसऱ्या यादीच्या कारखान्याला १२० तासांची पूर्वसूचना मिळते आणि तपासणी २४ तासांत आटपावी लागते. दुसऱ्या यादीसाठी सूचना ४८ तासांची, तपासणी ९६ तासांपर्यंत. रजिस्टर, टाक्या, पाइपलाइन, गोदाम बघतात. सोबत नॅशनल अथॉरिटीचा माणूस असतो. कारखानदाराची भीती वेगळीच असते : शेजारच्या देशाचा इन्स्पेक्टर येऊन आपला फॉर्म्युला घेऊन गेला तर? त्यावरही तोड काढलेली आहे. नमुना तपासायचं जीसी-एमएस यंत्र 'झाकलेल्या' पद्धतीने चालवता येतं. यंत्राच्या पोटात फक्त करारातल्या रसायनांची माहिती भरलेली असते. नमुन्यात त्यातलं काही सापडलं तरच ते दाखवतं, बाकीचं काय आहे ते सांगतच नाही. केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या मंडळींनी यावर सेमिनार घ्यायला हरकत नाही. विश्वास नसलेल्या दोघांना एकत्र मोजमाप करता यावं म्हणून बनवलेलं यंत्र आपल्या कोणत्याच सिलॅबसमध्ये नाही.

आता शेजाऱ्यांकडे वळू. रासायनिक शस्त्रांचा इतिहास आपल्या उपखंडाला समाईक आहे, हे आपण विसरतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी क्लोरिन सोडलं, त्यानंतर चारच दिवसांत त्याच आघाडीवर लाहोर डिव्हिजनच्या हिंदी जवानांना मास्कशिवाय उतरवण्यात आलं. तोंडाला ओली फडकी बांधून. पुढे १९३० च्या दशकापासून रावळपिंडीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिंदी सैनिकांच्या अंगावर मस्टर्डचे प्रयोग केले, त्याची कागदपत्रं २००७ मध्ये वर्तमानपत्रातून बाहेर आली. ते सैनिक आज कुठल्या देशाचे मानायचे? फाळणी व्हायची होती, कातडी सगळ्यांची सारखीच भाजत होती.

फाळणीनंतर दोन्ही देश एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. तरीही १९ ऑगस्ट १९९२ रोजी नवी दिल्लीत दोघांनी संयुक्त घोषणापत्र काढलं की आम्ही रासायनिक शस्त्रं बनवणार नाही, मिळवणार नाही, वापरणार नाही. पाच वर्षांनी जागतिक करार लागू झाला आणि जून १९९७ मध्ये भारताने जाहीर केलं की आपल्याकडे साठा आहे. एकूण १,०४४ टन मस्टर्ड! पाकिस्तानात यावरून गदारोळ झाला आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तो समजण्यासारखा होता. १९९२ च्या कागदावर नुसत्या सह्या होत्या, तपासणारं कुणी नव्हतं. पण दुसरी बाजूही बघा. हे गुपित कोणी पकडलं नाही, आपण होऊन सांगितलं. कारण नव्या करारात सांगणं बंधनकारक होतं आणि सांगितल्यावर बघायला तिसरा माणूस येणार होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही करार मान्य केला. दोन शेजाऱ्यांच्या बांधावरच्या भांडणात सरकारी मोजणीने जे होतं, ते इथे हेगच्या इन्स्पेक्टरांनी केलं.

साठा नष्ट करायला दहा वर्षांची मुदत होती, म्हणजे एप्रिल २००७. ती पुरली नाही, दोन वर्षांची वाढ घेतली आणि मार्च २००९ मध्ये काम संपवलं. अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर साठा पूर्ण नष्ट करणारा भारत तिसरा देश ठरला. रशियाला हेच काम संपवायला २०१७ उजाडलं आणि अमेरिकेला जुलै २०२३. सर्व देशांनी मिळून जाहीर केलेला ७२ हजार टनांहून अधिक साठा तेव्हा संपला. आपल्या सबमिशनच्या तारखांशी तुलना केली तर दोन वर्षांची मुदतवाढ काही जास्त नाही.

मग अणुबॉम्बच्या बाबतीत हेच का होत नाही, असा प्रश्न कुणीही विचारेल. पहिलं कारण म्हणजे रासायनिक करार सर्वांना एकसारखा आहे. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात (१९६८) पाच देशांना बॉम्ब ठेवायची मुभा आणि बाकीच्यांना बंदी, म्हणून भारताने त्यावर आजवर सही केलेली नाही. दुसरं कारण भूगोलाचं. १९७४ साली पाकिस्तानने दक्षिण आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला. भारताचं म्हणणं, आमचा प्रदेश वाघा बॉर्डरला संपत नाही, चीनचं काय? 'प्रदेश' कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावरच घोडं अडलं. सार्कमध्ये हा विषय काढावा म्हटलं तर सार्कच्या सनदेतच लिहिलंय की द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय बैठकीत आणायचे नाहीत. म्हणजे जे बोलायला हवं तेच बोलायचं नाही! काठमांडूत संयुक्त राष्ट्रांचं आशियासाठीचं निःशस्त्रीकरण केंद्र आहे, ते प्रशिक्षण आणि चर्चा घडवून आणतं. त्यापुढे त्याचा हात पोचत नाही.

तरीही एक छोटी गोष्ट टिकून आहे. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याला बांधलेले आहेत, आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर आणि मुंबईवर हल्ले झाले, तरी ती १ जानेवारी चुकली नाही. यादी खरी की खोटी हे मात्र कुणी तपासत नाही. ब्राझील आणि अर्जेंटिनाने इथे एक पाऊल पुढे टाकलं. दोघेही एकेकाळी बॉम्बच्या वाटेवर असल्याचा संशय होता. १९९१ मध्ये त्यांनी एक संयुक्त तपासणी संस्था काढली. ब्राझीलचे इन्स्पेक्टर अर्जेंटिनात जातात, अर्जेंटिनाचे ब्राझीलमध्ये. आपल्याकडे तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली आहेत, तिसरी-चौथी नाही. एकाच कंपाउंडमध्ये दोन नियम, असा आपला मधला मार्ग.

जिल्ह्यातली गोष्ट निघालीच आहे तर वरणगावचा उल्लेख करायला हवा. तिथल्या सरकारी कारखान्यात बंदुकीची काडतुसं बनतात, आपल्यापैकी काहींच्या घरचे तिथे कामाला असतील. छोट्या शस्त्रांबाबत २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत एक कृती कार्यक्रम ठरला, त्याचा भर शस्त्रांवर खुणा आणि नोंदी ठेवण्यावर आहे. २०१३ चा शस्त्र व्यापार करार मतदानाला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. या विषयावर वेगळा लेख होईल, इथे एवढंच.

रासायनिक करारही काही सोन्याचा नाही. कराराच्या लेखी कुठल्याही देशाला दुसऱ्यावर संशय आला तर तातडीची तपासणी मागता येते, पण आजपर्यंत एकदाही कोणी ती मागितलेली नाही. सगळे घाबरतात की उद्या आपल्यावर वेळ येईल. २००२ मध्ये संस्थेचे पहिले महासंचालक बुस्तानी यांना अमेरिकेच्या दबावाखाली मुदतीआधी पदावरून काढलं गेलं. सीरियाने २०१३ मध्ये करारात येऊन साठा दिला, तरी त्यानंतरही तिथे रासायनिक हल्ले झाल्याचं संस्थेच्याच चौकशीत निघालं. २०१७ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर किम जोंग नाम याला व्हीएक्सने मारलं गेलं; उत्तर कोरिया या करारात नाहीच. इजिप्त आणि दक्षिण सुदानही बाहेर आहेत, इस्रायलने सही केली पण मान्यता दिलेली नाही.

मात्र दोन जुने वैरी या कराराच्या आधाराने काय करू शकतात, याचं आशियातलं एक उदाहरण सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने चीनमध्ये हजारो रासायनिक तोफगोळे टाकून दिले. आजही ते जमिनीत सापडतात. करारात लिहिलंय, ज्याने टाकलं त्याने साफ करायचं. त्यामुळे ईशान्य चीनमधल्या हारबालिंग इथे जपानच्या खर्चाने ते गोळे उकरून नष्ट करण्याचं काम चालतं, आणि हेगचे इन्स्पेक्टर बघायला असतात. दोन्ही देशांचे राजकीय संबंध कितीही बिघडले तरी हे काम चालत राहिलं.

आपल्या केमिकलच्या बी.ई. वाल्यांना हे सगळं कुठे भेटणार? वापी, अंकलेश्वर, तळोजा, लोटे, इथल्या प्लांटमध्ये नोकरी लागली की. दरवर्षी वरिष्ठ एखादा फॉर्म पुढे सरकवतात : मागच्या वर्षी कुठलं रसायन किती टन बनवलं, किती आयात केलं, किती कुणाला विकलं. निर्यातीसाठी डीजीएफटीची स्कोमेट यादी बघावी लागते; करारात नसलेल्या देशाला दुसऱ्या यादीचं रसायन पाठवताच येत नाही, तिसऱ्या यादीचं असेल तर माल कशासाठी वापरणार याचं प्रमाणपत्र आधी मागवावं लागतं. हे फॉर्म भरायला मदत करणारा हेल्पडेस्क इंडियन केमिकल कौन्सिल चालवते, तिचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. २०२४ मध्ये याच कामासाठी कौन्सिलला हेगचा पुरस्कार मिळाला, कारखानदारांच्या संघटनेला तो पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी जुलैमध्ये आशियातल्या देशांच्या नॅशनल अथॉरिटींची बैठक दिल्लीत झाली.

त्या फॉर्ममध्ये टनाचा आकडा चुकीचा टाकला तर काय होतं, असं मागच्या बॅचच्या एका सिनिअरला विचारलं होतं. तो म्हणाला, "काही नाही, आधी दिल्लीहून फोन येतो. पण मग रजिस्टर आणि टाकीची डिपस्टिक घेऊन बसावं लागतं, आणि दोन्ही जुळेपर्यंत घरी सोडत नाहीत."